दंडाची कातडी आणि कपाळाचं नाक

कोल्हापुरात ‘दंड’ या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तालमीत पहाटे दंड काढतात, आखाड्यात उतरताना दंड थोपटतात आणि चुकीच्या जागी गाडी लावली की दंड भरतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. तेव्हापासून या शहरानं हजारो माणसांनी एकत्र बसून पैलवानांच्या दंडांकडे बघण्याचा रिवाज जपला आहे. बायकांच्या दंडाची गोष्ट वेगळी. त्यावर वाकी किंवा बाजूबंद असला तर त्याकडे लोक बघतात, दंडाकडे नाही. आमच्या मुस्लिम घरांत प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडावर ‘इमाम जामिन’ बांधतात. नाणं किंवा नोट कापडात गुंडाळायची आणि घट्ट गाठ मारायची. माणूस सुखरूप पोहोचला की ते पैसे खैरात करायचे. काळजी बांधायची जागा म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी दंडच निवडला होता.

हा दंड सैल पडला की काय होतं, हे मला माझ्या खालाच्या थोरल्या मुलीमुळे कळलं. आम्ही तिला आपा म्हणतो. वय बावन्न. तिचं वजन एके काळी शंभराच्या वर होतं, सोबतीला मधुमेह होता. खाणं बदलून, रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारून तिनं दोन वर्षांत चाळीस किलो उतरवले. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले. पण दंडाखाली कातडी लोंबू लागली. उन्हाळ्यात काखेजवळच्या घडीत घाम साचून पुरळ येतं. दर्जी दंडाच्या मापानं बाही कापतो तर कुर्ता खांद्यावर ढगळ होतो, खांद्याच्या मापानं कापतो तर बाही दंडावर चढत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये दहा बायकांसमोर वुजूसाठी बाह्या वर करायच्या म्हटलं की ती म्हणते, “तुम्ही व्हा पुढं, मी घरीच पढेन.”

तिनं मला दोन प्रश्न विचारले. “ते दंडाचं ऑपरेशन असतं, त्यात नेमकं काय करतात गं? आणि आपल्यात ते चालतं का?”

मी डॉक्टर नाही, मुफ्ती तर नाहीच. मला इतिहास वाचायची सवय आहे, म्हणून मी इतिहासातून उत्तर शोधायला गेले. जाताना वाटलं होतं की ही अमेरिकेतल्या नट्यांची हौस असणार, फार तर पन्नास-साठ वर्षांची. रस्ता मात्र पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या माणसापर्यंत गेला आणि तिथून कॉर्डोबापर्यंत. त्या सगळ्या गोष्टीत दंड पुन्हा पुन्हा भेटला.

आधी एक शब्द मोकळा करून घेऊ. ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटलं की कितीतरी जणांना वाटतं की अंगात प्लास्टिक घालतात. शब्द मूळ ग्रीक आहे, अर्थ ‘आकार देणं’, माती घडवावी तसं घडवणं. तेव्हा या विद्येची आपल्याकडची सगळ्यात गाजलेली नोंद माती घडवणाऱ्या माणसाची असावी, हे मला फार शोभून दिसतं.

ती नोंद अशी. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, म्हणजे १७९० ते १७९२ या काळात, मराठे आणि इंग्रज एका बाजूला होते, टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला. इंग्रजी फौजेसाठी बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘कावसजी’ असं लिहिलं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. लिहिणारे टिपूचे शत्रू होते हे लक्षात ठेवायचं. पण टिपू आपल्याला आवडतो म्हणून हे पान उलटून पुढं जायचं, हे मला जमत नाही. नाक कापलं गेलं ते एका गरीब गाडीवानाचं.

वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांपैकी थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोघांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचं वर्णन छापून आलं, सोबत कावसजीचं चित्रही. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तुटलेल्या नाकावर बसवायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांमधला एक छोटा पट्टा तोडायचा नाही, कारण त्यातून रक्त पोहोचत राहतं. ती कातडी वळवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. जोड धरून ठेवायला पानात घालतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो मधला पट्टा कापायचा.

कात, तूप, मेण आणि वस्तरा. कुठल्याही घरात मिळेल अशा या सामानातून माणसाला तोंड परत मिळालं. त्या पत्रात असंही म्हटलं आहे की ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात दुर्मीळ नाही, पूर्वापार चालत आलेली आहे. सुश्रुतानं गालाच्या कातडीतून नाक करण्याची रीत लिहून ठेवली होती. पुण्याजवळ ती कपाळाच्या कातडीतून होत होती. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हे वर्णन वाचून आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही रीत वापरली. १८१६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपात ही रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या वीटवाल्याचं नाव मात्र कुणी लिहून घेतलं नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून जाताना ओल्या मातीवर अंगठा फिरवणारी माणसं दिसतात, तेव्हा मला तो आठवतो.

आता म्हणाल, नाकाचा आणि आपाच्या दंडाचा काय संबंध? संबंध कातडीचा आहे. युरोपात त्याआधी नाक करण्याची एक वेगळी रीत होती आणि त्या रीतीत कातडी घेतली जायची ती दंडाची. पंधराव्या शतकात सिसिलीतलं ब्रांका घराणं हे काम करायचं. पुढं बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी यांनी १५९७ मध्ये त्यावर चित्रांसह मोठा ग्रंथ छापला. त्या काळी तलवारीच्या द्वंद्वात नाकं जायची आणि उपदंशानंही जायची. तालियाकोत्सी दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीचा एक पट्टा अर्धवट सोडवायचे आणि त्याचं टोक नाकाच्या जागी शिवायचे. कातडी दंडापासून तोडायची नाही, म्हणून हात डोक्याला बांधून ठेवायचा. रुग्णाला दोन-तीन आठवडे हात वर करून, दंड नाकाला लावून बसावं लागे. पुढचं सगळं काम संपायला काही महिने जात. दंडाची आतली बाजू निवडायचं कारण आजही तेच आहे. तिथली कातडी मऊ असते, जास्तीची असते आणि तिथला व्रण हात खाली सोडला की झाकला जातो.

नाक करायला कातडी आणावी लागते. आपाच्या बाबतीत ती काढायची आहे. हे काढायचं काम ज्यानं स्पष्ट लिहून ठेवलं तो माणूस आमच्या घरांत आदरानं घेतल्या जाणाऱ्या नावांपैकी आहे. अबुल कासिम अल-जहरावी हे कॉर्डोबाजवळ राहणारे वैद्य, मृत्यू १०१३ च्या सुमाराचा. त्यांच्या ‘अल-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातले शल्यवैद्य शतकानुशतकं तो वापरत राहिले. काही पुरुषांची छाती बायकांसारखी वाढते, त्यावरचा उपाय त्यात दिला आहे. चरबी काढायची. छाती जड होऊन लोंबत असेल तर चंद्रकोरीसारखे दोन छेद घ्यायचे, त्यांची टोकं एकमेकांना मिळवायची, मधली कातडी काढून टाकायची आणि कडा शिवायच्या. त्यांच्याआधी सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्यानंही असंच लिहिलं होतं. जहरावींनी ते घेतलं, आपलं केलं आणि पुढं दिलं.

या दोन चंद्रकोरी म्हणजेच आजचं दंडाचं ऑपरेशन. इंग्रजीत त्याला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. जास्तीची कातडी आणि चरबी दोन वक्र रेघांच्या मधून काढायची आणि कडा जोडायच्या. १८९९ मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी पोटावरच्या लोंबत्या कातडीसाठी हे केलं. दंडासाठी शिकागोचे मॅक्स थोरेक यांचं नाव १९३० च्या सुमाराला घेतलं जातं. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या कोरेआ-इतुरास्पे आणि फर्नांडेझ यांनी केवळ रूपासाठी म्हणून दंडाच्या ऑपरेशनची रीत छापली. मग बरीच वर्षं डॉक्टर या ऑपरेशनला कचरत राहिले, कारण व्रण रुंद व्हायचे आणि खाली सरकायचे. १९९५ मध्ये टेड लॉकवुड यांनी कातडीचा भार नुसत्या टाक्यांवर न टाकता आतल्या मजबूत पडद्याला बांधायची युक्ती मांडली. त्याच सुमारास वजन उतरवण्याची ऑपरेशनं वाढली आणि पन्नास-साठ किलो उतरलेली माणसं सैल कातडी घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागली.

आपाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथून पुढं सोपं झालं. डॉक्टरांना विचारून आणि वाचून मला जे कळलं ते असं. आधी वजन काही महिने एका जागी स्थिर असावं लागतं, नाहीतर कातडी पुन्हा सैल पडते. कातडी घट्ट असेल आणि नुसती चरबी असेल तर ती नळीनं ओढून काढता येते. कातडीच लोंबत असेल तर कापण्याला पर्याय नाही, व्यायामानंही ती आत जात नाही. साखर आटोक्यात हवी. तंबाखू पूर्ण बंद हवी. इथं आपल्याकडची एक गोम आहे. डॉक्टर “सिगारेट ओढता का?” असं विचारतात आणि मिश्री लावणारी बाई खरेपणानं “नाही” म्हणते. निकोटीन मिश्रीतही असतं आणि जखम भरण्याच्या आड तेही येतं. तेव्हा न विचारता सांगायचं. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर तेही आधी सांगायचं. अशा हाताला सूज येण्याचा धोका असतो आणि बहुतेक वेळा डॉक्टर हे ऑपरेशन टाळतात.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन होतं आणि दोन-तीन तास चालतं. काही जण त्याच दिवशी घरी येतात, काहींना एक रात्र ठेवतात. आत साचणारं पाणी बाहेर काढायला कधी कधी बारीक नळ्या असतात. मग काही आठवडे दंडावर घट्ट बाही घालायची. चार ते सहा आठवडे कळशी, गॅस सिलिंडर, नातवंडं यांतलं काही उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. केस विंचरायला, दोरीवर कपडे वाळत घालायला दुसरं माणूस लागतं. ही सोय घरात आहे का, हे ऑपरेशनच्या आधी बघावं. आमच्या बायकांना हे सांगावं लागतं, कारण त्या तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसतात. नमाजमध्ये तकबीरला हात उचलणं, सजद्यात हातांवर भार देणं काही दिवस जमत नाही. तेव्हा बसून, इशाऱ्यानं पढता येते, आणि पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत शरीयतनं दिलेलीच आहे.

पाणी साचणं, जखम मध्येच उघडणं, जंतुसंसर्ग, दोन्ही दंड थोडे वेगळे दिसणं, कोपराच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं असे धोके आहेत. यातला बधिरपणा बहुतेकदा हळूहळू जातो, कधी राहतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट व्रण. तो काखेपासून कोपरापर्यंत जातो. आधी लाल, जाड असतो, मऊ आणि फिका व्हायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याची, कधी गाठीसारखा वाढण्याची शक्यता जास्त असते. तो पुसला जात नाही.

मी आपाला एवढंच म्हटलं, “लोंबणारी कातडी देऊन व्रण घ्यायचा, असा हा सौदा आहे.” कावसजीनंही तेच केलं होतं. नवं नाक मिळालं आणि कपाळावर कातडी काढल्याची खूण राहिली. तालियाकोत्सींच्या रुग्णांच्या दंडावरही ती राहिली.

आता दुसरा प्रश्न, चालतं का. अल्लाहनं घडवलेलं बदलू नये, असा एक विचार आमच्याकडे ठाम आहे. निव्वळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणं, गोंदणं यांना हदीसमध्ये मनाई आहे. पण हदीसमध्येच एक नाकाची गोष्टही आहे. अरफजा बिन असअद या सहाबींचं नाक इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक करून घेतलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचं नाक करून घ्यायला सांगितलं. सोनं पुरुषाला हराम, तरीही. याच गोष्टीच्या आधारानं फकीह सांगतात की व्यंग दूर करणं वेगळं आणि हौसेनं रूप बदलणं वेगळं. २००७ मध्ये मलेशियात पुत्रजया इथं भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनातही सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल हीच रेघ ओढली गेली.

गंमत अशी की आपलं सरकार आणि विमा कंपन्याही हीच रेघ ओढतात. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतर शरीर पुन्हा घडवायचं असेल तर विमा मिळतो, रूपासाठी असेल तर नाही. दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नाही, पण जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा नसेल तर प्लास्टिक सर्जरीवर तो लागतो. मौलाना, विमा एजंट आणि करअधिकारी एकाच मुद्द्यावर एकमत झालेले मी दुसरीकडे कुठं पाहिले नाहीत.

पण रेघ ओढायला सोपी आहे, तिच्यावर उभं राहायला अवघड. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. डॉ. नोशीर अंटिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरोग्यांवर आणि पुढं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात नाकाचा दांडा बसतो, भुवया जातात. औषधानं रोग बरा होतो, पण गावात लोक तोंड बघूनच माणसाला ओळखतात आणि लांब ठेवतात. आता भुवई कशाला लागते? तिच्याशिवाय श्वास अडत नाही, भाकरी गिळता येते. करअधिकाऱ्याला ती हौस वाटू शकते. त्या बरा झालेल्या माणसासाठी मात्र ती गावात परत येण्याची वाट होती. अरफजांच्या सोन्याच्या नाकाचंही तसंच. त्यातून वास येत नव्हता हा फायदा होता, पण मूळ कारण हेच की माणसाला लोकांत तोंड वर करून वावरता यावं.

आपाच्या दंडाला पुरळ येतं म्हणून ती गरज, की लग्नाच्या हॉलमध्ये तिला बाही वर करायला नको वाटते म्हणून ती हौस? मला वाटतं, दोन्ही एकाच दंडावर आहेत आणि त्यांना कात्रीनं वेगळं करता येत नाही. तिनं एका आलिमांनाही विचारलं. त्यांनी विचारलं की त्रास होतो का, डॉक्टर काय म्हणतात आणि जिवाला धोका किती. तिनं सांगितलं. ते म्हणाले की मग ही तकलीफ दूर करण्याची बाब आहे. सध्या ती पैशांचा हिशोब करते आहे. मिश्री तिनं तीन महिन्यांपूर्वीच सोडली.

ज्या कुणी हे वाचून डॉक्टरांकडे जातील, त्यांच्यासाठी एक सूचना. ऑपरेशननंतर आठवड्याचे फोटो बघू नका, वर्षानंतरचे मागा आणि त्यात आपल्यासारखी कातडी असलेल्या माणसांचे मागा. ते डॉक्टर प्रशिक्षित प्लास्टिक सर्जन आहेत का हे विचारायला लाजू नका. ही विद्या आपल्याकडे रीतसर शिकवली जाते. देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. पूर्वी कोल्हापूरचा माणूस मोठ्या ऑपरेशनसाठी मिरजेला वॉनलेस यांच्या दवाखान्यात जायचा. आता तेवढंही लांब जावं लागेलच असं नाही.

आणि ऑपरेशनच्या दिवशी एक गोष्ट नक्की होईल. भूल देण्याआधी सर्जन तुम्हाला उभं करतील, हात बाजूला पसरायला सांगतील आणि पेनानं तुमच्या दंडावर दोन वक्र रेघा काढतील. किती काढायचं, किती ठेवायचं, ते कापण्याआधी तुमच्याच अंगावर मोजून घेतील. पुण्याजवळच्या त्या वीटवाल्यानं मेणाचा पत्रा कपाळावर ठेवून तेच केलं होतं.